आतड्यांचा विकार : खाटेला विमा, गोळीला नाही

नवी मुंबई, प्रतिनिधी

शौचावाटे रक्त पडू लागले की मूळव्याध समजायची आणि पोटदुखी अंगावर काढायची, यात अनेकांचे महिने निघून जातात. 'अल्सरेटिव्ह कोलायटिस' आणि 'क्रोन्स' या आतड्यांच्या दीर्घकालीन दाहाचे निदान त्यामुळे लांबते. हे आजार पाश्चात्त्य देशांचे मानले जात. मात्र, लुधियाना परिसरात लाखामागे सुमारे ४४ जणांना अल्सरेटिव्ह कोलायटिस असल्याचा निष्कर्ष २००३मध्येच प्रसिद्ध झाला होता.

हा विकार सहसा समूळ बरा होत नाही; नियमित औषधांनी तो आटोक्यात राहतो. नेमकी येथेच विषमतेला सुरुवात होते. ठाणे-बेलापूर औद्योगिक पट्ट्यातील विमाधारक कामगाराला राज्य कामगार विमा योजनेतून बाह्यरुग्ण उपचारही मिळू शकतात. शेजारच्या वस्तीतील घरकामगार महिला किंवा नाका कामगार या छत्राबाहेर राहतात. महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेचे संरक्षण दीड लाखावरून पाच लाख रुपये करून ती सर्वांना खुली करण्याचा निर्णय राज्य सरकारने २०२३मध्ये घेतला. परंतु या योजनेचा भर रुग्णालयात दाखल होऊन घ्यावयाच्या उपचारांवर आहे. रोजच्या गोळ्यांचा खर्च रुग्णाच्या खिशातूनच होतो. पैशांअभावी गोळ्या थांबल्या, की आजार बळावून शस्त्रक्रियेपर्यंत वेळ येऊ शकते.

महिलांची अडचण दुहेरी आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार (२०१९-२१) राज्यातील १५ ते ४९ वयोगटातील ५४.२ टक्के महिलांना रक्तक्षय आहे. अशक्तपणा इतका सर्रास असल्याने लोहाच्या गोळ्या दिल्या जातात. आतड्यातून रक्त जाते का, हा प्रश्न मागे पडतो. दिवसातून अनेकदा शौचास जावे लागणाऱ्या महिलेला वस्तीतील सामायिक शौचालय आणि कामाच्या घरातील संकोच यांचाही सामना करावा लागतो. गरोदरपणात भीतीपोटी औषधे बंद केली जातात. वास्तविक मेसालामाइनसारखी औषधे डॉक्टरांच्या सल्ल्याने सहसा सुरू ठेवता येतात. अनियंत्रित आजाराचाच माता व बाळाला अधिक धोका असतो.

मेसालामाइनचा समावेश केंद्राच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत आहे. ते पालिका रुग्णालयांत नियमित मिळावे आणि हिमोग्लोबिन तपासतानाच शौचातील रक्ताबाबत विचारणा व्हावी, एवढ्यानेही बरेच साधेल. अन्यथा आतडे कापण्यासाठी निधी आहे, वाचवण्यासाठी नाही, ही विसंगती कायम राहील.