पहिली नोकरी धरण्याआधी

बारावीचा निकाल लागला की घरोघरी नर्सिंगची चौकशी सुरू होते. जीएनएम तीन वर्षांचं, बीएस्सी चार. बहुतेक मुली घरची ऐपत पाहून ठरवतात. पुढचा हिशेब त्यांना कुणी सांगत नाही. एम्सच्या नॉरसेट परीक्षेतून नोकरी लागली, तर मूळ वेतनच ४४,९०० रुपयांपासून सुरू होतं. बीएस्सीवाली थेट बसते. जीएनएमवालीला मात्र किमान ५० खाटांच्या रुग्णालयातला दोन वर्षांचा अनुभव लागतो. म्हणजे घराजवळच्या वीस खाटांच्या नर्सिंग होममध्ये काढलेल्या रात्रपाळ्या तिथे मोजल्याच जात नाहीत!

सर्वोच्च न्यायालयाच्या २०१६च्या निकालानंतर नेमलेल्या केंद्रीय समितीने सांगितलं, की छोट्यातल्या छोट्या खासगी रुग्णालयानेही परिचारिकेला महिना २० हजारांहून कमी देऊ नये. तरी आजही कितीतरी नवख्या मुली त्याहून कमीवर राबतात, वर बाँड, आणि मूळ प्रमाणपत्रं मालकाच्या कपाटात. याची आम्हाला मनापासून चीड येते. मुलींनो, मूळ कागद कुणाच्याही हवाली करू नका. अनुभवाच्या दाखल्यावर रुजू झाल्याची, सोडल्याची तारीख आणि खाटांची संख्या लिहून घ्या.