आधी दुपारचं ताट, मग रात्रीची खोली



सातारा-सांगलीकडून एक प्रश्न हल्ली सारखा येतो. "सर, रोड टच जागा आहे. चार खोल्यांचं होम स्टे टाकायचंय. कर्ज मिळेल का?"

कर्ज मिळेल हो. पण फिटेल का, हे आधी बघू. आणि त्यासाठी आपल्या गावात येणारा माणूस रात्री झोपतो कुठे, हे बघू.

पर्यटनाच्या हिशेबात पाहुणे दोन प्रकारचे असतात. रात्री मुक्काम करणारा आणि त्याच दिवशी परत जाणारा. संयुक्त राष्ट्रांच्या व्याख्येत हे दोन वेगळे धरले जातात. आपल्या केंद्र सरकारच्या पाहणीतही ते वेगळे मोजतात. आपण मात्र दोघांना एकच समजतो, "पर्यटक वाढलेत" म्हणतो आणि बांधकाम सुरू करतो. माझं मत स्पष्ट आहे: भांडवल थोडं असेल, तर पहिला धंदा परत जाणाऱ्या माणसाचा करा.

आता साताऱ्याचं बघा. पुण्याहून सातारा साधारण ११० किलोमीटर. माणूस सकाळी सहाला निघतो, नाश्त्याला साताऱ्यात पोचतो. कास पठार बघतो, ठोसेघरचा धबधबा नाहीतर सज्जनगड करतो, कंदी पेढे घेतो आणि रात्रीच्या जेवणाला घरी. कास २०१२ मध्ये जागतिक वारसा यादीत गेलं, नाव देशभर झालं. पण फुलांचा बहर म्हणजे ऑगस्टअखेर ते ऑक्टोबरची सुरुवात, जेमतेम दीड महिना. रस्ते चांगले झाले की माणसं जास्त येतात, आणि मुक्काम न करता परतही जातात. ही गोष्ट खोल्या बांधणाऱ्यांच्या लक्षात उशिरा येते.

आता वही काढा. आकडे समजण्यासाठी धरलेत, तुमचे तुम्ही घाला.

चार खोल्यांसाठी १५ लाखांचं कर्ज, ११ टक्के व्याज, सात वर्षं. हप्ता महिन्याला जवळपास २५,७००, म्हणजे वर्षाला ३ लाख ८ हजार. खोलीचं भाडं २,००० धरा. वीकेंडचा पाहुणा मुळात शनिवारी रात्रीचा असतो. वर्षाचे ५२ शनिवार चारही खोल्या भरल्या, तर ४ लाख १६ हजार येतील. त्यातला चौथा हिस्सा धुलाई, वीज, कामाचा माणूस आणि अ‍ॅपचं कमिशन यात गेला. उरले ३ लाख १२ हजार. म्हणजे एकही शनिवार रिकामा गेला नाही, तेव्हा कुठे बँकेचं भागलं! निम्मेच भरले, तर दीड लाख खिशातून. मे आणि दिवाळीत मधले दिवस भरतील, ते वर धरा. पण त्यांच्या भरवशावर जमीन गहाण टाकू नका.

दुसरं पान. पत्र्याची शेड, भांडी, पार्किंगची सपाट जागा आणि दोन स्वच्छ स्वच्छतागृहं. खर्च दीड लाख धरा. रविवारी ४० ताटं, पिठलं-भाकरी, ठेचा, ताक. सामान, गॅस, मजुरी जाऊन ताटामागे ६० रुपये उरले, तर दिवसाचे २,४००. वर्षात ४० रविवारच चालले तरी ९६ हजार. दीड-पावणेदोन वर्षांत भांडवल मोकळं. नाही चाललं, तर भांडी विकता येतात. खोली विकता येत नाही.

स्वच्छतागृह का म्हणतोय? कुटुंबाची गाडी कुठे थांबायची, हे बहुतेक वेळा घरातल्या बाया ठरवतात, आणि त्या पहिलं तेच विचारतात. पाटी लावायची असेल तर "अस्सल गावरान"च्या आधी "स्वच्छ टॉयलेट" लिहा.

तुम्ही म्हणाल, "सर, मुक्कामी पाहुणा खर्च जास्त करतो." शंभर टक्के खरं. तो दोन वेळा जेवतो, चहा-नाश्ता घेतो, गाडी भाड्याने करतो. पण त्याच्यासाठी तुमची स्पर्धा महाबळेश्वर-पाचगणीच्या जुन्या हॉटेलांशी आहे. दुपारच्या ताटासाठी मात्र तुमची स्पर्धा फक्त पुढच्या वळणावरच्या टपरीशी आहे.

आता सांगलीकर. "आमच्याकडे काय आहे बघायला?" हे वाक्य आधी बंद करा. औदुंबरला दत्ताच्या दर्शनाला माणूस येतो, बत्तीस शिराळ्याला नागपंचमीला येतो, सागरेश्वर अभयारण्यात येतो, मिरजेत सतार-तंबोरे बनताना बघायला येतो. यातला बराचसा सकाळी येऊन संध्याकाळी जाणारा. त्याला घरी काय न्यायचं ते द्या. सांगलीच्या हळदीला आणि बेदाण्याला भौगोलिक मानांकन आहे. पाव किलोचं नीट पॅकिंग, गावाचं नाव, तारीख. भडंग आहेच.

आणि मुक्काम? आपल्याकडे मुक्कामी प्रवासाचा मोठा भाग नातेवाइकांकडे असतो. जत्रेला आलेला पाहुणा मामाकडेच झोपणार. त्याला खोली नको, पण वीस माणसांचं जेवण, मांडव आणि गाडी हवी असते. खरी खोली लागते ती मिरजेत. उपचाराला दुरून, कर्नाटकातूनही माणसं येतात. पेशंट आत आणि नातेवाईक बाहेर, आठ-आठ दिवस. त्यांना स्वच्छ कॉट, गरम पाणी आणि पथ्याचं जेवण परवडेल अशा दरात हवं असतं. इथे शनिवारची वाट बघावी लागत नाही. "पर्यटन" म्हटलं की आपल्याला फक्त डोंगर दिसतो, म्हणून हे गिऱ्हाईक दिसत नाही.

एक इशारा. महाबळेश्वर-पाचगणी परिसर २००१ पासून पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र आहे. तिथे बांधकामाला कडक नियम आहेत. "सगळेच बांधतात" हा परवाना नव्हे. कागद बघितल्याशिवाय विसार देऊ नका. शेतकरी असाल तर राज्याचं २०२० चं कृषी पर्यटन धोरण वाचा, नोंदणी करा. जेवण देणार असाल तर अन्न परवान्याची नोंदणी पहिल्या दिवसापासून.

खोली कधीच बांधू नका, असं मी म्हणत नाही. बांधायची वेळ गिऱ्हाइकाला ठरवू द्या. गल्ल्याजवळ वही ठेवा. "राहायची सोय आहे का?" असं कुणी विचारलं की तारीख, वार, किती माणसं, एवढं लिहा. सहा महिने. त्यात शनिवारच दिसले तर एक खोली, तीही राहत्या घरातली. मंगळवार-बुधवारही दिसायला लागले, की बँकेत जा. तेव्हा मॅनेजरला स्वप्न सांगावं लागणार नाही, वही दाखवता येईल.

या रविवारचा गृहपाठ: तुमच्या रस्त्यावर सकाळी आठ ते संध्याकाळी सहा बसा. बाहेरगावच्या गाड्या जाताना मोजा, परत येताना मोजा. परत न आलेल्या गाड्या, तेवढाच तुमचा मुक्कामाचा बाजार. आकडा खाली लिहा, त्यावर पुढे बोलू.