हृदयविकार आणि मनोविकार

आमच्या वर्गातला एक विद्यार्थी मध्यंतरी सहा आठवडे दिसला नाही. परतल्यावर त्याने जो वैद्यकीय दाखला जोडला त्यावर 'कावीळ' असे लिहिलेले होते. कावीळ झालेली नव्हती. हे त्याला ठाऊक होते, दाखला देणाऱ्या डॉक्टरांना ठाऊक होते आणि दोन-चार दिवसांत आम्हां शिक्षकांनाही कळले. कोणी काही बोलले नाही. त्याच आठवड्यात आम्ही आगरकरांच्या 'विकारविलसित'वर, म्हणजे १८८३ साली मराठीत आलेल्या 'हॅम्लेट'वर, दोन तासिका घेतल्या आणि नायकाचे वेड खरे की पांघरलेले याचा मनसोक्त काथ्याकूट केला. तो मुलगा खाली मान घालून टिपणे काढत होता.

मनाच्या आजाराविषयीची लाज देवऋष्याच्या अंगणात असते, सुशिक्षितांच्या घरी नसते, अशी आपली एक सोयीस्कर समजूत आहे. आमचे म्हणणे असे की ही लाज आपल्या पुस्तकांच्या कपाटातही आहे आणि तिची राखण आपण, साहित्य शिकवणारे लोक, निष्ठेने करतो.

'विकार' हाच शब्द पाहा. काम, क्रोध, लोभ हेही विकारच; ते जिंकायचे असतात. तेव्हा 'मनोविकार' म्हटले की ऐकणाऱ्याच्या मनात आजाराआधी दोष उभा राहतो, आणि रोग्याला औषधाऐवजी उपदेश मिळतो: मन खंबीर कर, ताबा ठेव, नामस्मरण कर, चार लोकांत मिसळ. पण दोष शब्दाचा म्हणावा, तर 'हृदयविकार' हाही त्याच धातूतून घडलेला शब्द आहे. हृदयविकार झालेल्याला कोणी 'काळजावर ताबा ठेव' असे सांगत नाही. त्याच्याकडे फळे घेऊन जातात. बायपासची हकिगत तर लग्नाच्या पंगतीतही अभिमानाने सांगितली जाते. म्हणजे अडचण 'विकार' या पदाशी नसून 'मन' या पदाशी आहे. मराठी परंपरेने मनाला मुख्यतः विद्यार्थी मानले: त्याला बजावायचे, दटावायचे, वळण लावायचे. रामदासांचे २०५ 'मनाचे श्लोक' पाठ करत पिढ्या वाढल्या. तो ग्रंथ थोर आहेच, पण तो निरोगी मनासाठी आहे. मोडलेल्या पायाला चालण्याचे नियम ऐकवून काय उपयोग?

उपदेश नको असेल, तर आपल्याकडे दुसरी तयार वस्तू म्हणजे गौरव. भक्ताचे वेड, प्रेमिकाचे वेड, कवीचे पिसे! आपण 'वेडी कुठली' असे लाडाने म्हणतो, आणि 'याला ठाण्याला पाठवा' असे थट्टेने म्हणतो. ठाण्याचे मनोरुग्णालय १९०१ पासून उभे आहे; इतक्या वर्षांत त्या गावाच्या नावाचा आपण विनोद तेवढा केला. लाड, थट्टा आणि स्तोत्र यांच्या मधोमध जे साधे वाक्य असायला हवे, 'आज गोळी घेतलीस का?', ते मात्र आपल्या कथा-कादंबऱ्यांत हुडकावे लागते. चित्रपटात ते अगोदर सापडले. सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांच्या 'देवराई'मध्ये (२००४) स्किझोफ्रेनिया झालेला भाऊ प्रतीक होऊन बसत नाही. त्याला सांभाळणाऱ्या बहिणीची ओढाताण, घरातली कुरबुर, डॉक्टरांच्या भेटी हे सारे तेथे आहे. वर्गात आपण या चित्रपटाविषयी बोलतो तेव्हा हे टाकून पुन्हा देवराईच्या रूपकाकडेच वळतो, ही आपली खोड.

यावर एक आक्षेप येतो, आणि तो आमच्याच मित्रांचा आहे: सगळ्या दुःखाला आजार म्हटले तर साहित्याचे भांडवलच संपेल. सगळ्या दुःखाला आजार म्हणा असे आम्ही म्हणत नाही. आजाराला आजार म्हणा एवढेच म्हणतो. क्षयालाही एके काळी कादंबरीत मोठी प्रतिष्ठा होती. स्ट्रेप्टोमायसिन आले, रोगी बरे होऊ लागले, ती प्रतिष्ठा ओसरली. त्यामुळे कादंबरीचे काही बिघडल्याचे ऐकिवात नाही. क्षयाचे ते वलय पुढे वेडाकडे गेले, हे सूझन सोंटॅगने १९७८ मध्येच 'इलनेस ॲज मेटाफर' या पुस्तकात दाखवून दिले. ते पुस्तक आपण अभ्यासाला लावतो आणि कावीळ लिहिलेला दाखला निमूट स्वीकारतो.

कायदाही आपल्या पुढे निघून गेला आहे. २९ मे २०१८ पासून लागू झालेल्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने मानसिक आजाराला शारीरिक आजाराच्या बरोबरीने वागवण्याचे, विम्यातही बरोबरीने धरण्याचे बंधन घातले. पण कायद्याला भाषा पुरवता येत नाही. ती पुरवणे हे ज्यांचे काम, त्यांनी निदान आपल्या कार्यालयातील छापील अर्जापासून सुरुवात करावी, असे आम्हांला वाटले.

यंदा आमच्यापैकी एकाने महिनाभराची रजा मागताना 'रजेचे कारण' या रकान्यात 'नैराश्य. उपचार चालू' असे लिहिले. लिपिकाने ते दोनदा वाचले आणि आवाज खाली आणून विचारले, "सर, हेच ठेवायचे का? दुसरा अर्ज देऊ?" हेच ठेवले. अर्ज अजून मंजूर होऊन आलेला नाही.