मधुचंद्राहून आलेली जळजळ

लग्नसराई सरली की साखरखेर्ड्याकडची नवी जोडपीही आता दोन दिवस चिखलदऱ्याला जाऊन येतात. रिसॉर्टची खोली, फुलांनी सजवलेला पलंग, सगळं आधी ठरतं. परतल्यावर एखाद्या नवरीला लघवीला जळजळ, सारखी घाई, कधी रक्ताची छटा असा त्रास सुरू होतो. ती बोलत नाही. बोललीच तर सासरी कुजबुज आणि नवऱ्याच्या मनात नसती शंका.

डॉक्टरी भाषेत याला ‘हनिमून सिस्टायटिस’ असं जुनं नाव आहे. हा मूत्राशयाचा जंतुसंसर्ग. गुप्तरोग नव्हे, आणि चारित्र्याशी तर त्याचा काडीचाही संबंध नाही. स्त्रीचा मूत्रमार्ग जेमतेम 4 सेंटिमीटर. गुदद्वाराजवळचे ई. कोलाय जंतू संबंधाच्या वेळी तिकडे सरकतात. त्यात उन्हाळ्यातला लांबचा प्रवास. वाटेत स्वच्छ संडास नाही म्हणून बाई पाणीच पीत नाही, लघवी तासन्‌तास दाबून धरते. खोलीचं भाडं दहादा विचारणाऱ्या नवरदेवानं गाडी कुठे थांबवायची, हेही विचारून ठेवावं.

भरपूर पाणी आणि संबंधानंतर लगेच लघवी, यानं धोका कमी होऊ शकतो. तरी त्रास झालाच तर सरकारी दवाखान्यात लघवी तपासावी. मेडिकलमधून दोन गोळ्या आणून भागवू नये. थंडी वाजून ताप आला, कुशीत कळ उठली, तर संसर्ग मूत्रपिंडापर्यंत गेलेला असू शकतो. त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावं. पाळी चुकली असेल तर ते आधी सांगावं, कारण औषध त्यानुसार बदलतं.