यादी क्रमाने का लागत नाही?



आमच्या मंडळाजवळ रक्तदात्यांची एक यादी आहे. दोन रक्तदानांमध्ये पुरुषांना किमान ९० व स्त्रियांना १२० दिवसांचे अंतर राखावे लागते. शेवटच्या रक्तदानाच्या तारखेनुसार यादी लावली, तर कोणाला दूरध्वनी करावा हे तत्काळ कळेल, या हेतूने मी कागदी अर्जांवरील नोंदी एक्सेलमध्ये भरल्या आणि ‘सॉर्ट’ची आज्ञा दिली. यादीचे दोन तुकडे झाले. वरचा भाग क्रमाने लागला. खाली मात्र १३ तारखेच्या सर्व नोंदी एकत्र, मग १४ तारखेच्या, महिना कोणताही असो!

खालच्या ओळी हाताने उचलून योग्य जागी ठेवाव्यात, असा मोह झाला. तसे केले असते, तर यादी नीटनेटकी दिसली असती आणि चूक झाकली गेली असती.

माझ्या संगणकावर अमेरिकी पद्धत निवडलेली होती : आधी महिना, मग दिवस. पंचविसावा महिना नसतो, म्हणून २५/०६/२०२४ ही नोंद त्याने तारीख न मानता निव्वळ मजकूर मानली. एक्सेल चढत्या क्रमात आधी अंक व तारखा लावते, नंतर मजकूर. खालचा तुकडा असा निर्माण झाला. परंतु खरा धोका वरच्या, बिनचूक भासणाऱ्या भागात होता. ०५/०६/२०२४ म्हणजे आपली ५ जून. संगणकाने ती ६ मे मानली. त्या हिशेबाने तो दाता ४ ऑगस्टला पात्र ठरत होता, प्रत्यक्षात ३ सप्टेंबरला. जवळजवळ एक महिना आधी आपण त्यास बोलावले असते.

उपाय असा केला. मजकूर बनलेल्या तारखा निवडून ‘डेटा’मधील ‘टेक्स्ट टू कॉलम्स’मध्ये दिवस-महिना-वर्ष हा क्रम सांगितला. उरलेल्या तारखा महिन्याच्या नावासह दिसतील असे स्वरूप देऊन प्रत्येक अर्जाशी ताडून पाहिल्या व चुकलेल्या पुन्हा भरल्या. पुढील नोंदींसाठी संगणकाची प्रादेशिक मांडणी भारताची केली.

अशीच आणखी तीन कारणे ध्यानी ठेवावीत. १ नंतर १०, ११ आणि मग २ आले, तर ते अंक मजकूर म्हणून साठवले आहेत. असे अंक बहुधा रकान्याच्या डाव्या कडेला दिसतात, खरे अंक उजव्या कडेला. एखादे नाव विनाकारण सर्वांत वर गेले, तर त्याच्या आधी रिकामी जागा टंकलेली असू शकते. ‘ट्रिम’ हे सूत्र ती काढून टाकते. यादीच्या मध्ये पूर्ण रिकामी ओळ असेल, तर क्रम लावणे तेथेच थांबू शकते.

आणि एक कळकळीची विनंती : केवळ नावांचा रकाना निवडून क्रम लावू नये. एक्सेल निवड विस्तारण्याविषयी विचारते, तेव्हा होकार द्यावा. अन्यथा एकाच्या नावापुढे दुसऱ्याचा रक्तगट येतो. क्रम लावण्यापूर्वी मूळ यादीची एक प्रत अवश्य जपावी.

यादी अडून बसली, तर तिच्यावर रागावू नये. कोठेतरी एखादी नोंद दिसते तशी नाही, एवढेच ती सांगत असते.