परीक्षा घ्यायची तर फी घेण्याआधी घ्या!

(अमेरिकेला मुलं पाठवणाऱ्या मराठी पालकांसाठी, तिथं पोहोचलेल्या विद्यार्थ्यांसाठी आणि त्यांच्याकडून फी घेणाऱ्या कॉलेजांसाठीही)



प्रवेश मिळाला, आय-२० आला, व्हिसाचा शिक्का बसला, बँकेनं कर्जाचा पहिला हप्ता कॉलेजच्या खात्यात टाकला. पोर विमानातून उतरलं. आणि वर्ग सुरू व्हायच्या आत, ओरिएंटेशनच्या गडबडीत, अनेक कॉलेजांत त्याला संगणकासमोर बसवून सांगतात : ही प्लेसमेंट टेस्ट दे. नोकरीची नव्हे, कुठल्या वर्गात बसायचं त्याची. न्यू जर्सीत ऑगस्टमधल्या दुपारचे दोन वाजलेले असतात तेव्हा पुण्यात रात्रीचे साडेअकरा झालेले असतात, आणि पोराचं अंग अजून पुण्याच्याच घड्याळावर चालत असतं. त्या अवस्थेत पडद्यावर जो आकडा उमटतो, त्यावर त्याचं पुढचं वर्ष ठरतं.

परीक्षेला आमचा विरोध नाही. आमचा विरोध आहे तो तिच्या वेळेला. ज्या निकालानं एखाद्या घराचा वर्षभराचा खर्च वाढू शकतो, तो निकाल पैसे भरण्याआधी कळायला हवा. पैसे भरल्यावर, घरापासून हजारो मैल दूर, परत फिरण्याची सोय उरलेली नसताना परीक्षा घेणं याला आम्ही मूल्यमापन म्हणत नाही. ही अडवणूक आहे.

आधी गणिताचं बघू, कारण खरा मार तिथं बसतो. आपल्या बोर्डाचं बारावी सायन्सचं गणिताचं पुस्तक उघडा : डेरिव्हेटिव्ह, इंटिग्रेशन, डिफरन्शियल इक्वेशन, मॅट्रिक्स, व्हेक्टर. हे सगळं लिहून पास झालेलं पोर अमेरिकेत बीजगणिताच्या वर्गात बसवलं जातं. कसं? बोर्डाची परीक्षा फेब्रुवारी-मार्चमध्ये संपते, मग सीईटी, मग व्हिसाची धावपळ. ऑगस्ट उजाडेपर्यंत वहीला हात लागलेला नसतो. त्यात या प्लेसमेंट टेस्टची घडण निराळी. अमेरिकेतल्या कॉलेज बोर्ड या संस्थेची अ‍ॅक्युप्लेसर ही परीक्षा बऱ्याच कॉलेजांत चालते. तिच्यात आधीच्या उत्तरावरून संगणक पुढचा प्रश्न निवडतो. प्रश्न सोडून पुढं जाता येत नाही, दिलेलं उत्तर मागं जाऊन बदलता येत नाही. आपल्याकडं शाळेपासून बजावलेलं असतं की येतं ते आधी सोडव, अडलेलं शेवटी बघ. ती शिस्त इथं निरुपयोगी ठरते. गंमत अशी की या परीक्षेला वेळेची मर्यादाच नसते. पण सीईटीत घड्याळाशी शर्यत लावायला शिकलेलं पोर, धावायचं काही कारण नसताना, इथंही धावत सुटतं. हे त्याला आधी कुणी सांगितलेलंच नसतं.

आता परिणाम बघा. अमेरिकेत इंजिनिअरिंगची वाट कॅल्क्युलसमधून जाते. कॅल्क्युलसच्या दोन पायऱ्या खाली बसवलं की दोन सेमिस्टर गेली. कॅल्क्युलस नाही म्हणून पुढचं फिजिक्स अडतं, फिजिक्स नाही म्हणून त्यावर उभे असलेले विषय अडतात, आणि कम्युनिटी कॉलेजात दोन वर्षं काढून मोठ्या विद्यापीठात जायचा जो हिशेब घरी कागदावर मांडला होता तो तीन वर्षांवर जातो. ‘मग थोडं थांबतो, कमी विषय घेतो’ असंही म्हणता येत नाही, कारण एफ-१ व्हिसावरच्या पदवीच्या विद्यार्थ्याला एरवी दर सेमिस्टरला किमान १२ क्रेडिट घ्यावीच लागतात. ती भरायची कशानं? पदवीच्या हिशेबात न धरल्या जाणाऱ्या विषयांनी! फी मात्र त्या विषयांचीही पुरेपूर. आणि फी म्हणजे किती? उदाहरण द्यायचं तर कॅलिफोर्नियाच्या कम्युनिटी कॉलेजात तिथल्या रहिवाशाला एका युनिटला, म्हणजे क्रेडिटला, ४६ डॉलर पडतात, परदेशी विद्यार्थ्याला बहुतेक ठिकाणी तीनशेच्या पुढं. अमेरिकी सरकारची आर्थिक मदत त्याला मिळत नाही. सेमिस्टर चालू असताना कॉलेजच्या आवारात आठवड्याला फार तर २० तास काम करता येतं, तेही मिळालं तर. इकडं बँकेचं व्याज कुणासाठी थांबत नाही.

बरं, ही परीक्षा इतकी अचूक असती तर आम्ही गप्प बसलो असतो. कोलंबिया विद्यापीठाच्या टीचर्स कॉलेजमधल्या कम्युनिटी कॉलेज रिसर्च सेंटरनं २०१२ साली या परीक्षांचा हिशेब तपासला. गणितात साधारण चारांतला एक आणि इंग्रजीत तिघांतला एक विद्यार्थी अगदी चुकीच्या जागी बसवला जातो, असं त्यांना आढळलं. चूकही बहुतेक एकाच दिशेची, म्हणजे झेपणाऱ्या मुलाला खाली ढकलण्याची. त्यानंतर कॉम्पास नावाची अशीच गाजलेली परीक्षा चालवणाऱ्या एसीटी संस्थेनं स्वतःच ती २०१६ अखेर गुंडाळली. परीक्षा विकणाऱ्यांना जे कळलं, ते परीक्षा घेणाऱ्यांच्या गळी अजून पूर्ण उतरलेलं नाही.

घरच्या मुलांपुरतं मात्र अमेरिकेला हे बरोब्बर कळलं. फ्लोरिडानं २०१३ साली कायदा केला आणि आपल्या सरकारी शाळांतून अलीकडं डिप्लोमा घेऊन आलेल्यांना या परीक्षेतून मोकळं केलं. कॅलिफोर्नियानं २०१७च्या एबी-७०५ कायद्यानं सांगितलं की मुलाचे शाळेतले गुण आधी बघा, एका परीक्षेवर त्याला मागं ढकलू नका. चांगले कायदे आहेत, आम्ही दोन्हींचं स्वागत करतो. पण हे कायदे लिहिताना डोळ्यांसमोर होता तो अमेरिकी शाळेतून आलेला विद्यार्थी. फ्लोरिडाची सूट नाशिकच्या मुलाला नाही. कॅलिफोर्नियाचे निकष तिथल्या शाळांच्या जीपीएवर बेतलेले, त्यांत बारावीची टक्केवारी आपोआप बसत नाही. आपल्याकडच्या ६५ टक्क्यांची किंमत काय, हे तिथल्या कारकुनाला कोण सांगणार? म्हणजे जी परीक्षा घरच्या पोराला अन्यायाची वाटली, तीच परदेशी पोराला मात्र योग्य. त्यातही हा परदेशी जास्त फी भरणारा!

इंग्रजीची तऱ्हा याहून चमत्कारिक. प्रवेशासाठी टोफेल किंवा आयईएलटीएस मागायचं, गुण बघून प्रवेशपत्र द्यायचं, आणि मुलगा दारात आला की पुन्हा आपली वेगळी परीक्षा. टोफेलचे गुण दोन वर्षं ग्राह्य असतात असं ती परीक्षा घेणारेच सांगतात. कॉलेजला ते दोन महिन्यांत शिळे कसे वाटतात? काही विद्यापीठं निदान मर्यादा पाळतात. अर्बाना-शॅम्पेनच्या इलिनॉय विद्यापीठात इंग्लिश प्लेसमेंट टेस्ट आहे, पण ती प्रवेशाच्या वेळी ज्यांचे इंग्रजीचे गुण ठरावीक पातळीखाली होते त्यांच्यासाठी. त्याला आमची हरकत कमी आहे. सरसकट सगळ्यांना रांगेत उभं करणाऱ्यांना आहे. निबंधाचीही एक गोष्ट सांगतो. आपल्याकडं दोन्ही बाजू मांडून शेवटी आपलं मत द्यायचं, असं शिकवतात. तिथं पहिल्याच परिच्छेदात ठाम मत हवं असतं. अ‍ॅक्युप्लेसरचा निबंध तर संगणकच तपासतो. आपल्या मुलीनं समजूतदारपणे लिहिलेलं त्याला गोंधळलेलं वाटलं, तर दाद कुणाकडं मागायची?

तिथले प्राध्यापक म्हणतात, मुलं खरंच कच्ची येतात. हे खोटं नाही. साचेबंद उत्तरं घोकून गुण काढून देणारे क्लास आपल्याच पेठांत आहेत, आणि त्यांच्या पाट्या आपणच वाचतो. पण कच्च्या मुलाला वर्षभर बाजूला बसवणं हा एकच उपाय नाही. टेनेसीतल्या सरकारी कम्युनिटी कॉलेजांनी २०१५पासून मुलांना थेट मुख्य वर्गात घेऊन सोबत जादा शिकवणीचा तास जोडायला सुरुवात केली. वर्ष वाया जात नाही, क्रेडिट मिळतं, मदतही मिळते. हे परदेशी मुलांना लागू करायला कुणी हात धरलेत?

आणखी एक गोष्ट फार थोड्या विद्यार्थ्यांना ठाऊक असते. एफ-१ व्हिसाच्या संघीय नियमांत कमी क्रेडिट घ्यायला परवानगी देण्याची जी शैक्षणिक कारणं दिलेली आहेत, त्यांत ‘चुकीच्या पातळीच्या वर्गात बसवलं जाणं’ हे कारण स्पष्ट लिहिलेलं आहे. म्हणजे ही चूक होते हे खुद्द सरकारी नियमाला मान्य. परवानगी कॉलेजच्या आंतरराष्ट्रीय विद्यार्थी कार्यालयातला अधिकारी देतो, आणि ती विषय सोडण्याआधी घ्यावी लागते. आधी सोडला आणि मग गेलात, तर व्हिसा धोक्यात. तिथं पोहोचलेल्या मुलामुलींनो, हे आजच जाऊन विचारा.

आमची कॉलेजांकडं मागणी साधी आहे. निरीक्षकाच्या नजरेखाली घरबसल्या परीक्षा देण्याची सोय आज उपलब्ध आहे. तेव्हा मुलगा भारतात असताना, डिपॉझिट भरण्याआधी परीक्षा घ्या. निकाल पटला नाही तर पुन्हा बसू द्या, आणि बारावीची गुणपत्रिका अभ्यासक्रमासकट वाचा. आपल्याकडच्या सल्लागारांकडं तर आम्ही तेवढंही मागत नाही. कॉलेजकडून कमिशन घेता ना, मग माहितीपत्रकातल्या हिरवळीच्या फोटोशेजारी ‘पोहोचल्यावर प्लेसमेंट टेस्ट द्यावी लागू शकते’ ही एक ओळ छापा.

पालकहो, तोवर तुम्ही एवढं करा. डिपॉझिट भरण्याआधी कॉलेजला ई-मेल पाठवून विचारा : आमच्या मुलाला प्लेसमेंट टेस्ट द्यावी लागेल का, कुठल्या विषयांची, आणि ती भारतातून देता येईल का? बारावीचे किंवा टोफेलचे गुण दाखवून तिच्यातून सूट मिळते का? खालच्या वर्गात बसवलं तर त्या वर्गाचं क्रेडिट पदवीत धरतात का, आणि पुन्हा परीक्षा किती दिवसांनी देता येते? उत्तर लेखी घ्या. सल्लागारानं फोनवर ‘काही काळजी करू नका’ म्हटलं तर ते उत्तर समजू नका. आणि लेखी उत्तर येत नाही तोवर पैसे पाठवू नका.

– अमेरिकेत शिकणाऱ्या मुलांचे काही पालक व माजी विद्यार्थी

(या पत्रकाच्या प्रती काढायला आणि वाटायला कुणाची परवानगी लागत नाही.)