खाज सुटली म्हणून निरोध सोडू नका

निरोध वापरल्यावर आग होते, खाज सुटते, ही तक्रार बायका बहुधा कुणाला सांगतच नाहीत. उष्णता झाली असेल म्हणून सब्जा आणि ताक सुरू होतं, फार तर मेडिकलमधून विचारून एखादं मलम येतं. पुरुष तर त्याहून गप्प. मग नवरा-बायको निरोधच बंद करून टाकतात आणि पुढे पाळी चुकली की धावाधाव होते. त्रास बहुतेकदा निरोध ज्या पदार्थाचा बनतो त्याचा असतो किंवा त्यावर लावलेल्या औषधाचा, आणि या दोन्ही गोष्टी बदलता येतात. हे माहीत नसल्यामुळे माणसं संरक्षण सोडून देतात, याचं फार वाईट वाटतं.

बाजारातले बहुतेक कंडोम लेटेक्सचे असतात. सरकारी दवाखान्यात मोफत मिळणारा निरोधही लेटेक्सचाच. लेटेक्स म्हणजे रबराच्या झाडाचा चीक. केरळात, आणि आपल्याकडे दोडामार्ग-सावंतवाडीच्या बागांत, खोडाला चीर देऊन वाटीत धरतात तोच. त्यातली प्रथिनं काहींच्या अंगाला चालत नाहीत. अशांना काही मिनिटांतच खाज सुटते, जागा लाल होऊन सुजते, कधी अंगभर पित्त उठतं, शिंका येतात. दुसरा प्रकार उशिरा कळतो: एक-दोन दिवसांनी पुरळ येतं, कातडी कोरडी पडून सोलते. हा त्रास बहुधा रबर तयार करताना वापरलेल्या रसायनांचा असतो. तो चिवट असला तरी जिवावर बेतत नाही. पहिला प्रकार मात्र बेतू शकतो. ओठ-जीभ सुजली, घसा आवळल्यासारखा झाला, धाप लागली किंवा चक्कर आली, तर गोळी घेऊन वाट बघत बसू नका. लगेच 108 ला फोन करा.

थोडं मागचं आठवून बघा. वाढदिवसाला फुगे फुगवताना ओठ सुजले होते का? रबरी हातमोजे घालून भांडी घासल्यावर हाताला खाज येते का? केळं, पपई, किवी खाल्ल्यावर तोंडात खाजतं का? ही फळं आणि लेटेक्स यांची प्रथिनं मिळतीजुळती असतात. नर्सिंग किंवा लॅबचं काम करणाऱ्यांना आणि लहानपणापासून अनेक ऑपरेशनं झालेल्यांना ही अॅलर्जी जास्त आढळते. खात्री करायला म्हणून घरी मुद्दाम फुगा फुगवून मात्र बघू नका. त्वचारोगतज्ज्ञ रक्ताची किंवा त्वचेची तपासणी करून सांगतात.

प्रत्येक जळजळ लेटेक्सची नसते. वास-चवीचे कंडोम, किंवा ‘जास्त वेळ’ म्हणून विकले जाणारे, ज्यांत बधिर करणारं बेंझोकेन असतं, तेही नाजूक जागेला झोंबतात. अंगावरून पांढरं जात असेल, वास येत असेल, लघवीला जळजळ होत असेल, तर संसर्ग असण्याची शक्यता जास्त. त्यासाठी डॉक्टरच गाठा.

आता पर्याय. पॉलिआयसोप्रीनचे कंडोम मऊ असतात, ताणले जातात आणि त्यांत झाडाची प्रथिनं नसतात. पण खोबरेल तेल किंवा व्हॅसलीन लावलं तर तेही लेटेक्ससारखेच कमजोर होऊन फाटतात, म्हणून पाण्यावर आधारित जेलच वापरा. पॉलियुरेथेनचे पातळ असतात, त्यांना तेल चालतं, मात्र ते कमी ताणले जातात आणि फाटण्या-निसटण्याचं प्रमाण लेटेक्सपेक्षा थोडं जास्त असतं. माप नीट बघून घ्या. तिसरा पर्याय नायट्राइलचा, बाईने आत बसवायचा कंडोम. तो काही तास आधीच बसवता येतो आणि निर्णय बाईच्या हातात राहतो, म्हणून मला तो मोलाचा वाटतो. मात्र त्याच्या जोडीला पुरुषाने दुसरा कंडोम घालू नये, घासून दोन्ही फाटतात. मेंढीच्या आतड्याचे कंडोम परदेशात मिळतात. ते गर्भ राहू देत नाहीत, पण एचआयव्ही, कावीळ बी यांपासून वाचवत नाहीत.

खरेदी करताना पाकिटाची मागची बाजू वाचा. बारीक अक्षरांत ‘नॅचरल रबर लेटेक्स’ असेल तर परत ठेवा. ‘हायपोअॅलर्जेनिक’ या शब्दावर विसंबू नका, ‘नॉन-लेटेक्स’ असंच लिहिलेलं हवं. लेटेक्सविरहित कंडोम महाग पडतात आणि प्रत्येक मेडिकलमध्ये नसतात, तेव्हा दुकानदाराला मागवायला सांगा किंवा ऑनलाइन घ्या. ते मिळेपर्यंत तांबी, ‘अंतरा’ हे गर्भनिरोधक इंजेक्शन किंवा ‘छाया’ ही गर्भनिरोधक गोळी सरकारी दवाखान्यात मोफत मिळते. त्यांनी गर्भ टळतो, गुप्तरोग टळत नाहीत.

आणि अॅलर्जी ठरली, तर ती केसपेपरवर ठळक लिहून घ्या. दाताचे डॉक्टर असोत की बाळंतपणाची नर्स, त्यांनी हातमोजे चढवण्याआधीच सांगा: ‘मला लेटेक्स चालत नाही, दुसरे ग्लोव्ह्ज घ्या.’